धुऱ्यावरचें गणित व तें करणारें सॉफ्टवेअर

वऱ्हाडांत शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. पावसाळ्यांत शेतांत किती पाणी शिरलें आणि किती बाहेर पडलें हें पाहावयाचें असेल, तर जाणता शेतकरी प्रत्येक सरींतून हिंडत बसत नाहीं. तो धुऱ्यावरून एक फेरी घालतो. पाणी कोठून आंत येतें व कोठून बाहेर जातें हें बांधावर उभें राहिलें असतां दिसतें, आणि त्यावरून आंतला हिशेब लावतां येतो. गणितशास्त्रांत अशाच एका युक्तीला मोठें स्थान आहे. एखाद्या वस्तूच्या केवळ सीमेवर काय घडतें एवढें पक्कें कळलें, कीं तिच्या आंत प्रत्येक ठिकाणीं काय घडत असेल तें सांगतां येतें. या युक्तीला सीमा-समाकल समीकरणांची पद्धति असें भारदस्त नांव आहे. हीं समीकरणें हातानें सोडविणें बहुधा अशक्य असतें; तें काम संगणकाकडून करवून घ्यावें लागतें. त्यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर कोठून मिळवावें, कसें बसवावें, आणि मुख्य म्हणजे त्याच्या उत्तरावर विश्वास केव्हां ठेवावा, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

हा विषय केवळ विद्वानांचा आहे असें मानण्याचें कारण नाहीं. अकोला शहरास पिण्याचें पाणी महान येथील काटेपूर्णा धरणांतून येतें आणि अमरावतीस सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणांतून. हीं दोन्हीं धरणें मुख्यतः मातीच्या भरावाचीं आहेत. मातीच्या प्रत्येक धरणांतून थोडें पाणी झिरपतेंच. तें झिरपणें ठरलेल्या मर्यादेंत राहिलें तर चिंता नसते. परंतु पाण्याबरोबर मातीचे कण वाहूं लागले कीं धोका सुरू होतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटून पुण्यावर जो प्रसंग ओढवला त्याचीं कारणें अनेक होतीं. पण भरावाच्या पोटांत काय चाललें आहे हें वेळींच कळण्याची किंमत त्या दिवशीं सर्वांस कळून चुकली. पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील प्रश्न निराळा आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यांत जमिनीखालचें पाणी खारट आहे. कोणत्या विहिरींतून किती उपसा केला असतां भोंवतालचें पाणी कोणीकडून ओढलें जाईल, हें जाणणें तेथें शेतकऱ्याच्या पोटापाण्याशीं निगडित आहे. जमिनीखालीं पाणी कसें सरकतें तें डोळ्यांनीं दिसत नाहीं. विहिरींच्या पातळ्या मोजाव्या, आणि मधल्या न दिसणाऱ्या भागाचा अंदाज गणितानें बांधावा, हाच त्यावर मार्ग आहे.

या गणिताचा पाया जुना आहे. १८५६ सालीं आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्यानें वाळूंतून झिरपणाऱ्या पाण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्याच्या दोन पातळ्यांत जितका चढउतार अधिक तितका वेग अधिक, असा त्याचा सोपा नियम आहे. या नियमाला 'जितकें पाणी आंत आलें तितकें बाहेर गेलें पाहिजे' या हिशेबाची जोड दिली कीं जें समीकरण तयार होतें त्यास लाप्लासचें समीकरण म्हणतात. तेंच समीकरण स्थिर विद्युत्‌भाराला लागू पडतें आणि तापलेल्या धातूंतून एकसारख्या वाहणाऱ्या उष्णतेलाहि लागू पडतें. सीमेवरून आंतलें उत्तर काढण्याची किल्ली १८२८ सालीं जॉर्ज ग्रीन यानें दिली. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें वडिलांची पिठाची पवनचक्की चालविणारा हा मनुष्य शाळेंत फारसा गेलेला नव्हता. पुढें १९०३ सालीं स्वीडनचे इव्हार फ्रेडहोल्म यांनीं अशा समीकरणांना उत्तर केव्हां असतें व केव्हां नसतें याचें शास्त्र सिद्ध केलें. हिंदुस्थानांतहि या विचाराचा उपयोग लौकर झाला. पाझरणाऱ्या जमिनीवर बंधारे कसे बांधावे याविषयीं खोसला, बोस व टेलर यांनीं लिहिलेला ग्रंथ १९३६ सालीं निघाला आणि पुढें अनेक वर्षें अभियंत्यांच्या हातीं राहिला.

संगणक आल्यावर या पद्धतीला खरा जोर आला. १९६३ सालीं जॅसवन व सिम या गणितज्ञांनीं संगणकावर हीं समीकरणें सोडविण्याची रीत दाखविली. तिच्यांतील काटकसर ध्यानांत येण्यासाठीं एक साधें उदाहरण घ्यावें. एक चौकोनी पेटी कल्पावी आणि तिच्या प्रत्येक बाजूचे १० भाग करावे. पेटीचें सबंध पोट तुकड्यांनीं भरावयाचें तर १,००० तुकडे लागतील. नुसती बाहेरची कातडी मढवावयाची तर ६०० पुरतील. फरक विशेष दिसत नाहीं. परंतु अधिक सूक्ष्म उत्तरासाठीं प्रत्येक बाजूचे १०० भाग केले, तर पोटासाठीं १०,००,००० तुकडे आणि कातडीसाठीं फक्त ६०,००० एवढे लागतात. शिवाय पोट भरण्याच्या पद्धतींत जमिनीला कोठें तरी कृत्रिम शेवट मानावा लागतो. सीमेच्या पद्धतींत बाहेरचा विस्तार अमर्याद असला तरी अडत नाहीं. विहीर एवढीशी आणि भोंवतालचा मुलूख अफाट, अशा प्रश्नांना ती म्हणूनच सोयीची पडते.

या काटकसरीचें मोल मात्र दुसरीकडे द्यावें लागतें. सीमेवरील प्रत्येक तुकड्याचा दुसऱ्या प्रत्येक तुकड्याशीं संबंध येतो, व तो आंकड्यांच्या रूपानें संगणकाच्या स्मृतींत मांडून ठेवावा लागतो. ६०० तुकडे असतील तर ३,६०,००० आंकडे होतात; एका आंकड्यास ८ बाइट धरले तर ही जागा ३ मेगाबाइटहून कमी. पण ६०,००० तुकड्यांसाठीं ३६० कोटि आंकडे आणि सुमारें २९ गिगाबाइट जागा पाहिजे. घरगुती लॅपटॉपमध्यें बहुधा ८ किंवा १६ गिगाबाइट स्मृति असते. तेव्हां ८ गिगाबाइटच्या यंत्रावर २०,००० तुकड्यांपलीकडे जाण्याचा हव्यास धरूं नये, त्यांनाच ३.२ गिगाबाइट लागतात. १९८७ सालीं ग्रीनगार्ड व रोखलिन यांनीं दूरच्या तुकड्यांचा परिणाम गटागटानें मोजण्याची एक जलद रीत शोधली, तिनें ही अडचण पुष्कळ हलकी झाली. नवशिक्यानें मात्र प्रथम लहान प्रश्नच घ्यावा.

आतां हें साधन मिळवावें कसें? पूर्वी तें सहजासहजीं मिळत नसे. आज्ञावल्या पुस्तकांच्या पानांवर छापल्या जात, आणि ज्याला त्या हव्या असत त्यानें त्या एकेक ओळ पाहून संगणकांत उतरवाव्या अशी रीत होती. १९८५ सालीं अमेरिकेंत नेटलिब नांवाचा संग्रह सुरू झाला आणि गणिताच्या आज्ञावल्या ई-मेलनें मागवितां येऊं लागल्या. मोठें यंत्र मिळविणें तर याहूनहि दुष्कर होतें. परदेशाहून महासंगणक आणण्यांत निर्यातीच्या निर्बंधांमुळें अडचणी येऊं लागल्या, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि तिनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्या कार्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांतल्या मुरंबा गांवचे. ज्या आंकडेमोडीसाठीं त्या वेळीं राष्ट्राला कंबर कसावी लागली, तिच्याहून किती तरी अधिक आंकडेमोड आज कॉलेजांतल्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप करतो. यंत्राची उणीव आतां राहिलेली नाहीं. आज्ञावल्यांचीहि राहिलेली नाहीं. मात्र त्या नीट निवडून घ्याव्या लागतात.

सीमा-समाकल समीकरणांसाठीं आज मोकळेपणानें मिळणाऱ्या साधनांत 'बेम्प' हें एक प्रमुख आहे. रोमन लिपींत लिहितांना त्याच्या शेवटीं 'पी' हें अक्षर दोनदां येतें, हें शोधतांना लक्षांत असूं द्यावें. त्याची घडण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत झाली व तिची सविस्तर माहिती २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. त्याची पहिली आवृत्ति 'सी प्लस प्लस' या संगणकीय भाषेंत होती, आणि ती बसविणें हेंच एक दिव्य होतें. तिला दुसऱ्या अनेक संग्रहांचा आधार लागे. ते एकमेकांस जुळणाऱ्या आवृत्त्यांचे असावे लागत. सर्व कांहीं मूळ लेखनापासून आपल्याच यंत्रावर घडवून घ्यावें लागे, आणि त्यांत एक दुवा निसटला कीं दिवस वायां जाई. पुढें टिमो बेट्के व मॅथ्यू स्क्रॉग्ज यांनीं तिची नवी मांडणी पायथन भाषेंत केली. २०२१ सालीं प्रसिद्धीस आलेल्या या मांडणीस 'बेम्प-सीएल' म्हणतात. ती एमआयटी परवान्याखालीं दिलेली असल्यामुळें कोणीहि ती विनामूल्य घ्यावी, वापरावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी. फक्त मूळ कर्त्यांची परवान्याची नोंद तशीच राखावी. असें साधन राजरोस मिळत असतांना महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत पेन-ड्राइव्हवरून उतरवून घेण्याची जी खोड विद्यार्थ्यांना लागते, तिचें समर्थन होऊं शकत नाहीं. चोरट्या प्रतींत काय मिसळलेलें आहे हें कोणालाच ठाऊक नसतें, आणि तिच्यावर आधारलेलें काम उजळ माथ्यानें कोणापुढें ठेवतां येत नाहीं.

बसविण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम यंत्रावर पायथन आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावें. येथें एक सूचना महत्त्वाची आहे. अगदीं नवी, कालपरवां निघालेली आवृत्ति घेण्याचा मोह टाळावा. बेम्प-सीएल ज्या 'नंबा' नांवाच्या संग्रहावर उभें आहे तो पायथनच्या नव्या आवृत्तीशीं जुळून येण्यास कांहीं काळ घेतो. म्हणून एक पाऊल मागची स्थिर आवृत्ति घेणें शहाणपणाचें ठरतें. त्यानंतर या कामापुरतें एक वेगळें 'आभासी वातावरण' करावें. नांवाला भिण्याचें कारण नाहीं. मसाल्याच्या डब्यांत जशा हळद, तिखट व मोहरी यांच्या वाट्या निरनिराळ्या असतात, तसें प्रत्येक कामाचें सामान निरनिराळ्या कप्प्यांत ठेवण्याची ही सोय आहे. एका कामासाठीं बदललेली आवृत्ति मग दुसऱ्या कामाची नासाडी करीत नाहीं. तिसरी पायरी प्रत्यक्ष सामान आणण्याची. पायथनबरोबर 'पिप' नांवाची मदतनीस आज्ञावली येते. तिला नुसतें नांव सांगितलें कीं ती बेम्प-सीएल इंटरनेटवरून उतरवून घेते आणि त्याला लागणारें नंपाय, सायपाय, नंबा वगैरे बहुतेक सामानहि आपण होऊन आणते. शेवटीं 'जीमेश' घ्यावें. वस्तूचा पृष्ठभाग त्रिकोणी तुकड्यांच्या जाळ्यानें मढविण्याचें काम तें करतें. तेंहि मुक्त परवान्याचें असून त्याचे कर्ते ग्यूझेन व रेमाक्ल हे आहेत.

ज्यांच्या घरीं वा वसतिगृहांत इंटरनेट मंद आहे, त्यांच्यासाठीं एक तोड आहे. कॉलेजच्या यंत्रावर पिपकडून सर्व सामान केवळ उतरवून एका पेन-ड्राइव्हवर सांठवावें आणि तेथून घरच्या यंत्रावर बसवावें. दोन्हीं यंत्रांची मूळ प्रणाली व पायथनची आवृत्ति एकच असावी एवढी अट पाळली म्हणजे झालें.

आतां नेहमींच्या अडचणी. आज्ञावली पहिल्यांदा चालविली असतां ती फार वेळ घेते आणि यंत्र अडकलें कीं काय असें वाटतें. वस्तुतः नंबा त्या वेळीं पायथनच्या लेखनाचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करीत असतो. हें काम एकदां आटोपलें कीं तेंच गणित त्या बैठकींत पुन्हां मांडल्यास झटपट होतें. म्हणून पहिल्या वेळीं थोडा धीर धरावा. दुसरी अडचण 'ओपनसीएल' या जोडणीची. ती असली तर वेग वाढतो, पण ती नसली म्हणून काम अडत नाहीं. तशा वेळीं नंबावरच भागवितां येतें. नवशिक्यानें तिच्या मागें लागून पहिले चार दिवस घालवूं नयेत. तिसरी गोष्ट म्हणजे चुकीचा संदेश. पडद्यावर लांबलचक इंग्रजी मजकूर उमटला कीं मुलें घाबरून सर्व पुसून टाकतात व पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करतात. त्याऐवजीं शेवटच्या दोन-तीन ओळी शांतपणें वाचाव्या. कोणतें सामान सांपडलें नाहीं अथवा कोणती आवृत्ति जुळली नाहीं हें बहुधा तेथेंच स्पष्ट लिहिलेलें असतें.

सॉफ्टवेअर बसलें, चाललें, आंकडा दिला. येथें काम संपलें असें समजणें ही सर्वांत मोठी चूक होय. दुकानदार नवीन तराजू आणतो तेव्हां मालाआधीं ठरलेलें वजन टाकून पाहतो. तसेंच येथेंहि ज्याचें उत्तर अगोदर ठाऊक आहे असा प्रश्न प्रथम घालावा. त्यासाठीं १ त्रिज्येचा गोल उत्तम. त्याच्या सर्व पृष्ठावर विद्युत्‌पातळी १ धरली, तर बेम्पच्या मापांत पृष्ठावरील भाराची घनता सर्वत्र १ येते आणि एकूण भार गोलाच्या क्षेत्रफळाएवढा, म्हणजे १२.५६६ येतो. बेम्पमध्यें हा गोल जीमेशशिवायहि तयार मिळतो. तो ५१२ त्रिकोणांचा घ्यावा, मग २,०४८ त्रिकोणांचा, मग ८,१९२ त्रिकोणांचा. सपाट त्रिकोणांनीं मढविलेला गोल खऱ्या गोलाहून किंचित् लहान असल्यामुळें उत्तर १२.५६६ हून थोडें कमी येईल, आणि त्रिकोण चौपट केले कीं चूक सुमारें चौथाईवर येईल. चूक अशी पायरीपायरीनें उतरली तर तराजू बरोबर आहे असें मानण्यास हरकत नाहीं. ती तेथेंच घुटमळली अथवा वाढली, तर बसविण्यांत किंवा प्रश्न मांडण्यांत कोठें तरी दोष राहिला आहे.

दुसरी परीक्षा घनाची. १ त्रिज्येच्या गोलाची विद्युत्‌धारिता १ मानली तर १ बाजूच्या घनाची धारिता किती, या प्रश्नाला गोलासारखें आटोपशीर सूत्र आजवर सांपडलेलें नाहीं. तरी उत्तर कोठें असलें पाहिजे हें मॅट्रिकच्या भूमितीवरून सांगतां येतें. घनाच्या आंत बसणाऱ्या सर्वांत मोठ्या गोलाची त्रिज्या ०.५, आणि घनाला बाहेरून कवेंत घेणाऱ्या गोलाची ०.८६६. लहान वस्तूची धारिता मोठीपेक्षां अधिक असूं शकत नाहीं. म्हणून उत्तर या दोहोंच्या दरम्यानच पडलें पाहिजे. सूक्ष्म गणितानें मिळालेला सर्वमान्य आंकडा ०.६६०७ असा आहे. घनाच्या कडांवर विद्युत्‌भार दाटतो, त्यामुळें येथें आंकडा गोलापेक्षां हळूहळू जुळत जातो. बंधाऱ्याच्या पायथ्याशीं असलेल्या अणकुचीदार कोपऱ्यांतहि पाण्याचा वेग असाच दाटतो. म्हणून ही परीक्षा पुढें उपयोगी पडते.

परीक्षा उतरली तरी साधनाच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. सीमेची पद्धति आंतला पदार्थ सर्वत्र एकसारखा आहे असें धरून चालते. वऱ्हाडची भूमि तशी नाहीं. वर काळी कसदार माती, जी पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. खालीं अग्निजन्य काळ्या खडकाचे थरावर थर, आणि त्यांत फटी. पूर्णेच्या खोऱ्यांत गाळाची जाडी निराळी, गाविलगडच्या पायथ्याशीं दगडगोट्यांचा भराव निराळा. थर थोडे असतील तर प्रत्येक थराची सीमा वेगळी मांडून निभावतां येतें. फार असतील तर सबंध पोट तुकड्यांनीं भरण्याची दुसरी पद्धतच बरी. शिवाय बेम्प हें लांबी, रुंदी व उंची या तिन्हीं दिशांच्या प्रश्नांसाठीं आहे. लांबलचक धरणाचा नुसता आडवा छेद तपासावयाचा असेल तर विद्यार्थ्यानें स्वतः लिहिलेली छोटी आज्ञावली अधिक सोयीची पडते, आणि तींतून तो शिकतोहि अधिक. धरणाच्या पोटांतील ओल्या व कोरड्या मातीमधील रेषा तर अगोदर ठाऊकच नसते. ती अंदाजानें धरून पुनःपुन्हां सुधारीत जावी लागते. येथें सीमेची पद्धति कामास येते, कारण दर खेपेस केवळ एक रेषा हलवावी लागते. आणि गणित कितीहि सुबक असलें तरी मातींतून पाणी किती वेगानें झिरपतें हा मूळ आंकडा शेतांतल्या व प्रयोगशाळेंतल्या मोजणीवरूनच यावयाचा. तो चुकला तर उत्तमांतलें उत्तम सॉफ्टवेअर चुकीचेंच उत्तर अचूकपणें काढून देईल.

या शिक्षणासाठीं आतां मुंबई-पुण्यास जाऊन राहण्याची आवश्यकता उरलेली नाहीं. मुंबईच्या आयआयटींतील 'फॉसी' हा प्रकल्प शास्त्र व अभियांत्रिकींत मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो, आणि तेथूनच निघालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाचे अनेक पाठ मराठींतहि ऐकावयास मिळतात. अमरावतीचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालापासून आहे, आणि अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ सालापासून. गणित जाणणारा अभियंता आणि माती जाणणारा कृषिशास्त्रज्ञ हे दोघे दोन शेजारच्या शहरांत आहेत. खारपाणपट्ट्यांतील एखाद्या गांवच्या विहिरींच्या पातळ्या वर्षभर नोंदवाव्या, मातीची झिरपण मोजावी, आणि गोलावर व घनावर पारखून घेतलेल्या आज्ञावलींत ते आंकडे घालावे, हें काम अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनीं मनावर घेतलें तर होण्यासारखें आहे. ज्या घरांत असा विद्यार्थी असेल, तेथील वडील मंडळींनीं त्याला 'सॉफ्टवेअर कितीला घेतलेंस?' असें विचारण्यापेक्षां 'तें कशावर पारखून पाहिलेंस?' असें विचारावें.